वऱ्हाडचा उन्हाळा आणि वस्तीची निवड

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. तिचे अनुकरण पुढे गावोगाव झाले. या मालांचा हंगाम उन्हाळ्याचा आणि वेळ उन्हे उतरल्यानंतरची. दिवसभर घरात कोंडलेली माणसे संध्याकाळी मोकळ्या हवेत येऊन बसतात, आणि अशा वेळी चार विचारांच्या गोष्टी कानी पडाव्यात, हा यातील साधा हिशेब. तेव्हा आपण आज येथे जमलो आहोत, हीदेखील उन्हाळ्याशी केलेली एक तडजोडच आहे. म्हणून आजच्या विषयासाठी आम्ही उन्हाळाच निवडला.

आमच्या वऱ्हाडाविषयी परप्रांतीय पाहुण्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "एवढ्या उन्हात तुम्ही राहता तरी कसे?" प्रश्न सहज विचारलेला असला तरी त्यात इतिहासाचा मोठा विषय दडलेला आहे. हवा मानवेना म्हणजे मनुष्यापुढे दोन मार्ग असतात. हवा चांगली असेल तेथे जाऊन राहणे हा एक. आहे तेथेच राहून घर, दिनक्रम आणि आहार यांना हवेच्या कलाने वळण देणे हा दुसरा. पहिल्या मार्गाने गेलेल्यांचा इतिहास गॅझेटियरांतून तपशीलवार नोंदला गेला. दुसऱ्या मार्गाने राहिलेल्यांचा इतिहास त्यांच्या भिंतींत आणि सवयींत राहिला. त्या भिंती आता पडत चालल्या आहेत, म्हणून त्याची आठवण करणे जरूर आहे.

वऱ्हाडचे जुने भाग तीन. उत्तरेस सातपुड्यातील मेळघाट, मध्ये पूर्णेच्या खोऱ्याचा पाइनघाट आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बालाघाट. पाइनघाटातील अकोला-अमरावतीचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. बालाघाटावर थोडी उंची मिळते, म्हणून बुलढाण्याची हवा सौम्य. ब्रिटिश अमदानीत जिल्ह्याचे ठाणे मेहकरहून बुलढाण्यास आले आणि सुमारे २,२०० फुटांवरील ते गाव अंमलदारांच्या आवडीचे झाले. पण सारा बालाघाट काही बुलढाणा नव्हे. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी घ्या किंवा भोवतालचे कोणतेही गाव घ्या. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि रोहिणीतल्या नवतपात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही.

अशा मुलखात गाव वसवणाऱ्यांनी जागा कशी निवडली असेल? याचे उत्तर आपल्या दोन जुन्या शब्दांत आहे: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर कपाशी उत्तम येते, पण भिंत टिकत नाही. पांढरी माती तशी फुगत-आकसत नाही. म्हणून पाणी जवळ, पण पुराच्या बाहेर, अशा उंचवट्यावरची पांढरी वस्तीला घेतली आणि काळी पिकाला सोडली. ही निवड कोणा राजाच्या हुकुमाने झालेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ती झाली.

त्याच पांढरीच्या मातीचे घर उठले. दीड-दोन हात जाडीच्या भिंती, लहान खिडक्या, वर धाबे आणि मध्ये अंगण. आज आपण यास गरिबीचे घर म्हणतो. पण त्याचा हिशेब पाहा. मातीच्या जाड भिंतीतून उष्णता आत यायला कित्येक तास लागतात. बाहेर दुपार पेटलेली असताना आत सकाळचा गारवा शिल्लक असतो. भिंतीची धग आत पोचेपर्यंत दिवस मावळतो, आणि तोवर घरातली माणसे बाजा घेऊन अंगणात किंवा धाब्यावर गेलेली असतात. दिवसा घर, रात्री आकाश, अशी ही वाटणी होती.

दुसरा आधार कोरड्या हवेचा. मुंबईचे तापमान आपल्यापेक्षा कितीतरी कमी असते, तरी तेथे घाम वाळत नाही आणि जीव कासावीस होतो. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी; पाणी झपाट्याने उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते यामुळेच. दारे-खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्या हे त्याच तत्त्वाचे मोठे रूप आणि आजचा कूलर हे विजेवर चालणारे रूप. कैरीचे पन्हे, ताक, डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा, आखाजीला भरून ठेवायची घागर आणि वाटसरूंसाठी पाणपोई यांची भर घातली, म्हणजे उन्हाळ्याचे एक संपूर्ण शास्त्रच उभे राहते. त्यातला उडून गेलेल्या घामाची भरपाई पाणी व मीठ यांनी करावी हा भाग आजचा डॉक्टरही सांगतो.

आता पहिल्या मार्गाकडे वळू. सत्ता आणि संपत्ती हाती असली म्हणजे गारवा विकत घेता येतो. अचलपूरजवळ सुलतानी अमदानीतील हौज कटोरा आहे. तलावाच्या मध्यभागी अष्टकोनी, मजल्यांची इमारत. चहूबाजूंच्या पाण्यावरून येणारा वारा अंगावर घ्यावा, अशी तिची रचना. तरीही तो सुलतान मैदानातच राहिला. डोंगर चढून जाण्याची पद्धत पाडली ती इंग्रजांनी.

मेळघाटातील गाविलगड अहमदशहा बहामनीने १४२५ मध्ये बांधला आणि १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने तो घेतला. गडाशेजारच्या चिखलदऱ्याचे पठार १८२३ साली हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन यांनी हेरले, आणि १८३९ पासून ते गोऱ्या अधिकाऱ्यांचे आरोग्यस्थान झाले. उंची ३,६६४ फूट. तेथे बंगले उठले, इंग्रजांनी आणलेली कॉफी लागली. अर्थात 'हेरले' हा शब्द साहेबाच्या बाजूचा. कोरकू लोक त्या डोंगरात आधीपासून राहतच होते. फक्त त्यांच्या राहण्याला कोणी हवापालट म्हटले नाही.

हेच पुढे राज्यकारभाराचे अंग झाले. मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी जाई. १९०३ नंतर वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि आपला कारभार नागपुराहून चालू लागला. पण ऐन उन्हाळ्यात ते सरकार सातपुड्यातील पचमढीस मुक्कामाला जाई. म्हणजे ज्या महिन्यांत विहिरी आटत, रोगराई वाढे आणि गुरांना चारा मिळत नसे, नेमक्या त्याच महिन्यांत राज्य करणारे शरीराने आणि अनुभवाने प्रजेपासून दूर असत. हवेची निवड ही केवळ प्रकृतीची बाब राहत नाही, ती कारभाराची बाब होते, ती अशी.

वाचक म्हणतील, ही इंग्रजांची गोष्ट झाली. पण १९५३ च्या नागपूर करारानंतर आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर विधिमंडळाचे नागपुरातील अधिवेशन भरते ते हिवाळ्यात, संत्र्यांच्या दिवसांत. सोय म्हणून त्यात वावगे काही नाही. तथापि विदर्भाची ओळख डिसेंबरात करून घेणाऱ्यास विदर्भाची निम्मीच ओळख होते, एवढे आम्ही नम्रपणे सुचवितो.

हवा पाहून जागा बदलणारा आणखी एक समाज आपल्या शेजारी आहे. मानोरा तालुक्यातच पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. या समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत, चारापाणी पाहून तळ टाकत आणि पावसाळ्यात मुक्काम करीत. त्यांची भटकंती चैनीची नव्हती, ऋतूंच्या अचूक ज्ञानावर उभारलेला तो धंदा होता. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, मालवाहतूक रुळांवर गेली आणि तांडे हळूहळू स्थिरावले. चांगल्या पांढरीच्या जागा तोवर भरल्या होत्या. अनेक तांड्यांच्या वाट्याला माळ आणि डोंगरउतार आला.

आज काय दिसते? २ जून २००७ रोजी चंद्रपुरात ४९ अंश आणि २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. ऊन असे वाढत असता आपण मातीची भिंत पाडून एका विटेची भिंत घातली आणि धाब्याच्या जागी टिनपत्रे टाकली. टिन काही मिनिटांत तापते आणि खालच्या माणसाला दिवसभर भाजते. पक्क्या घराची हौस आम्ही चुकीची मानत नाही; धाबे पावसात गळते, भिंती दरवर्षी लिंपाव्या लागतात आणि ते कष्ट बहुतेक बायकांच्याच अंगावर पडत. पण पक्के म्हणजे पातळ आणि तापणारे, असे समीकरण कोणी ठरवले? कूलर लावावा, तर त्याला रोज पाणी हवे. टँकरची वाट पाहणाऱ्या घराने ते आणावे कोठून?

सर्वांत बिकट अवस्था मजुराची. त्याला डोंगर चढता येत नाही आणि दुपारी घरातही बसता येत नाही. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, ही देशाला मार्ग दाखवणारी गोष्ट. पण शेतीचे काम नसते तेव्हाच या कामांना मागणी, म्हणजे नेमकी उन्हाळ्यात. माती खोदायची ती वैशाखातल्या उन्हात. २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि सावली यांची तरतूद केली. कागदावरची ती सावली मजुराच्या डोक्यावर पडली की नाही, हे दुपारी दोन वाजता जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

चिखलदऱ्याला चार दिवस जरूर जावे, आम्हीही जातो. पण लाखो लोकांना राहायचे आहे ते इंझोरीसारख्या गावांतच. तेव्हा घरकुलाच्या छताला जाडी किंवा दुहेरी आच्छादन, गावठाणात लिंबाची सावली, पहाटे सुरू होऊन दहाला थांबणारी मजुरी आणि चालू पाणपोई, एवढे तरी गावाने व सरकारने मिळून करावे. आपल्या पूर्वजांनी वस्तीसाठी पांढरी निवडली, तेव्हा तिच्यावर सारे गाव राहणार होते. आजची योजना आखताना निदान तेवढा विचार आपल्याकडून व्हावा.