क्यूचं घर कोपऱ्यात

छापखान्यात मी बावीस वर्षं खिळे जुळवले. इंग्रजी केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीत, ‘ई’चं घर सगळ्यांत ऐसपैस आणि हाताशी, कारण हात सारखा तिथंच जातो. ‘क्यू’ आणि ‘झेड’ची घरं कडेला, चिमुकली, त्यांतल्या खिळ्यांवर धूळ बसायची. म्हणून नातीनं पहिल्यांदा स्क्रॅबलची पिशवी माझ्यापुढं पालथी केली, तेव्हा मी आधी मोजदादच केली. सोंगट्या शंभर. ‘ई’ बारा, ‘ए’ नऊ, ‘क्यू’ एक, कोऱ्या दोन. म्हटलं, हा गडी केसपुढं उभा राहिलेला दिसतोय.

तो निघाला आर्किटेक्ट. न्यूयॉर्कचा आल्फ्रेड बट्स. 1930 नंतरच्या मंदीत नोकरी गेली आणि हा खेळ रचायला बसला. कुठलं अक्षर किती वेळा येतं, ते त्यानं वर्तमानपत्रं पुढ्यात घेऊन मोजून काढलं. एका ठिकाणी मात्र मुद्दाम हात आखडला: ‘एस’ फक्त चार ठेवले. आमच्याकडं ‘एस’ सारखे संपायचे, शेजारच्या केसमधून उचलावे लागायचे, त्यावरून कुरबुरी. पण इथं ते मुबलक असते, तर जो तो नुसती अनेकवचनं करून गुण खात बसला असता. खेळाच्या कंपन्यांनी त्याला वाटेला लावलं. 1948 मध्ये जेम्स ब्रुनोनं खेळ हाती घेऊन ‘स्क्रॅबल’ हे नाव दिलं, आणि पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेत दुकानांवर झुंबड उडाली.

मग भांडणं. शब्द खरा कुणी ठरवायचा? ब्रिटनमध्ये पूर्वी चेंबर्सचा कोश असायचा. अमेरिकेत 1978 पासून खेळाडूंचा वेगळा कोशच निघाला. लोक तो पाठ करतात. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सनं 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं विजेतेपद मिळवलं, तेही फ्रेंच बोलता येत नसताना! आम्हीही न कळणारा मजकूर जुळवायचो, पण त्याबद्दल कुणी चषक देत नसे.

शब्द मात्र एकेक नामी. सी-डब्ल्यू-एम, उच्चार ‘कूम’: डोंगराच्या कुशीतली दरी, शब्द वेल्शमधून आलेला, एकही स्वराचं अक्षर नाही. ‘आआ’ म्हणजे हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा. 1982 मध्ये मँचेस्टरला कार्ल खोशनाव यांनी ‘कझीक’च्या अनेकवचनावर एका खेपेत 392 गुण काढले, कझीक म्हणजे वेस्ट इंडिजमधल्या मूळ रहिवाशांचा मुखिया.

आमच्या डावात नातीनं अक्षराच्या तिप्पट गुणांच्या चौकोनात ‘क्यू’ ठेवला. आडवा ‘क्यू-आय’, उभाही ‘क्यू-आय’.

“यू कुठाय?” मी विचारलं.

“लागत नाही, आजोबा. ‘ची’ म्हणतात. चिनी लोकांची प्राणशक्ती.”

कोशात होता. अमेरिकेतल्या स्पर्धांत 2006 पासून चालतो. दोन सोंगट्या आणि एकतीस दुणे बासष्ट! कोपऱ्यातल्या चिमुकल्या घराचा हा भाव मला कधी कळलाच नव्हता.

पुढच्या डावाची सुरुवात माझी होती. हातात तीन ‘ए’, टी, एम, एच आणि चारांतला एक ‘एस’. मी सातही मांडल्या.

“तमाशा? आजोबा, इंग्रजी हवं!”

“काढ कोश.”

तिनं पानं उलटली, बोट खाली सरकवत नेलं आणि गप्प झाली. बारा दुणे चोवीस, वर सातही सोंगट्या लावल्याचे पन्नास.

“लिही, चौऱ्याहत्तर,” मी म्हटलं.