नावावरची खोली

मालवणातून मुंबईला गिरणीत गेलेल्या माणसाचा पहिला पत्ता बहुतेक वेळा ‘गावकऱ्यांची खोली’ हाच असे. परळ-लालबागच्या चाळीत एक खोली, भाडेपावती एकाच्या नावावर आणि भिंतीलगत वीस-पंचवीस ट्रंका. एवढी माणसं मावत कशी? मावत नसतच. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. गणपतीला निम्मे गावी. सगळे एकदम झोपायला येणार नाहीत, या भरवशावर खोली चाले.

वेब होस्टिंगचा रिसेलर मला त्या खोलीचाच वंशज वाटतो. हे लांबून म्हणत नाही, मालवणात बसून हाच धंदा केला आहे. कुणाच्या तरी सर्व्हरचा तुकडा भाड्यानं घ्यायचा, त्याचे चाळीस तुकडे पाडून न्याहारी-निवासवाल्यांना, स्कूबावाल्यांना, काजू-कोकमवाल्यांना द्यायचे. पावती आपल्या नावाची. साध्या मराठीत याला पोटभाडेकरू ठेवणं म्हणतात. मुंबईच्या 1947च्या भाडेकायद्यात असं करताना सापडलं तर खोलीवर पाणी सोडावं लागे. इथे मूळ मालकच म्हणतो, घाला अजून दोन.

सुरुवातीला हे जमण्यासारखं नव्हतं. वेबच्या पहिल्या काही वर्षांत ब्राउझर सर्व्हरकडे नुसतं पान मागे, कुणाच्या साइटचं ते सांगतच नसे. त्यामुळे प्रत्येक साइटला वेगळा आयपी पत्ता लागे, आणि जगभरात असे पत्ते जेमतेम 430 कोटी. जानेवारी 1997मध्ये एचटीटीपीची 1.1 आवृत्ती आली आणि तिच्यात एक ओळ सक्तीची झाली : ‘होस्ट’, आणि पुढे साइटचं नाव. कोकणातल्या माणसाला यात कसलं नवल? आमच्याकडे गल्लीला नंबर नाही. मुक्काम पोस्ट, वाडी आणि नाव, एवढ्यावर पोस्टमन बरोबर खळ्यात येऊन उभा राहतो. होस्टच्या ओळीनं सर्व्हरला पोस्टमनचं डोकं दिलं, आणि एका पत्त्यावर शेकडो बिऱ्हाडं नांदू लागली. त्याच 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध शून्य, पण माझी भाकरी दोन्हींवर.

कुलूपबंद साइटींचं, म्हणजे एचटीटीपीएसचं, घोडं मात्र अडलं. तिथे नाव लखोट्याच्या आत असे, त्यामुळे कुणाचं प्रमाणपत्र दाखवायचं ते सर्व्हरला कळत नसे. नाव बाहेर लिहायची रीत 2003मध्ये ठरली, पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ती कधीच जमली नाही. आणि त्या काळी बघावं तिथे एक्सपीच.

नावाची सोय झाली, तरी खोली चालवायला वही लागते. ती 1996मध्ये निक कोस्टन या अमेरिकन पोरानं लिहायला घेतली होती : सीपॅनेल. कुणाला किती जागा, किती मेलखाती, हे माउसच्या टिचकीवर ठरू लागलं. तिच्या जोडीच्या डब्ल्यूएचएमनं पोटभाड्याचा हिशेब थेट रिसेलरच्या हातात दिला. वर पाटी आपली. मागे कोण आहे ते गिऱ्हाइकाला कळत नाही.

डोमेनच्या नावांचंही तेच. ती थेट विकायची तर डोमेननावांचा जगभरचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेची मान्यता हवी : वर्षाला 4,000 डॉलर फी, शिवाय 70,000 डॉलरचं खेळतं भांडवल दाखवायचं. मालवणच्या बाजारपेठेत हे कोण करणार? भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी 1998मध्ये मुंबईत, वडिलांकडून 25,000 रुपये घेऊन डायरेक्टी काढली. तिच्यातून पुढे रिसेलरक्लब उभं राहिलं, विकणाऱ्यांना विकणारं दुकान.

खोलीचा भरवसा मोडतो तो मे महिन्यात. एखाद्याचा डॉल्फिनचा व्हिडिओ अचानक उचलला जातो, सगळं जग त्याच्या साइटवर येतं आणि शेजारची एकोणचाळीस बिऱ्हाडं गुदमरतात. मग फोन : “काय झाला रे? साईट खंय गेली?” या फोनला उत्तर देणं एवढंच रिसेलरचं खरं भांडवल. दलाल म्हणून त्याला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा परदेशी कंपनीच्या चॅटवर मालवणीत तक्रार करून बघावी.

16 मे 2021ला तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा मात्र फोन आला नाही. वीज गेली, फोनही गेले. कौलं अंगणात, माड आडवे, लॉकडाउनमुळे पर्यटक नव्हतेच. आणि दूरच्या सर्व्हरवर आमच्या साइटी लखलखीत चालू, ‘खोल्या उपलब्ध’ म्हणत.

त्याआधी, जून 2019मध्ये, सीपॅनेलनं सर्व्हरमागे ठोक भाडं सोडून खात्यामागे पैसे लावायचं जाहीर केलं. खानावळवालीनं महिन्याचा ठराव सोडून डोकी मोजायला घ्यावी, तसं. मीही डोकी मोजायला बसलो. निम्म्या साइटी मेलेल्या निघाल्या, त्या काढल्या. राहिलेल्यांच्या डोमेननोंदी तपासत असताना तारकर्लीचे एक काका समोर बसले होते. डोमेनची नोंद म्हणजे या धंद्यातला सातबारा. त्यांचा उघडला, तर मालकाच्या रकान्यात माझं नाव. सुरुवातीला घाईत सगळ्यांचे फॉर्म मीच भरले होते.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणाले, “मगे कूळ कोण रे, तू की मी?”

त्या रात्री बसून सगळ्यांची नावं फिरवली. दोघांचे ईमेल बंद पडलेले. त्यांचा होकार ईमेलवरच घ्यायचा, तो कुठून येणार? ती दोन अजून माझ्याच नावावर आहेत.