वारस नसलेला लॉकर

लॉकरच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या कारकुनाला थडग्यांविषयी कुतूहल असायचं तसं काही कारण नाही. पण इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावरच्या एका दगडी पेटीविषयी वाचलं आणि म्हटलं, अरे, हे तर आमच्याच खात्यातलं प्रकरण!

डार्टमूर म्हणजे शेरलॉक होम्सने तो राक्षसी कुत्रा गाठला तोच माळ. वारा, धुकं आणि चिखल. कांस्ययुगातल्या लोकांनी इथं आपली माणसं दगडी पेट्यांत ठेवली आणि वर दगडमातीचे ढीग रचले. आता, ढीग दिसला की खाली सोनं असणारच, हा हिशेब जगात सगळीकडे सारखा. १३२४ साली तर खुद्द राजानेच डेव्हन परगण्यातले सहा ढिगारे खणायला परवाना दिला. (म्हणजे फोडाफोडीलाही वरिष्ठांची मंजुरी लागतेच.) डार्टमूरवरच्या एका पेटीचं नावच मुळी ‘सोन्याचा हंडा’. आत अर्थातच ठणठणाट.

व्हाइटहॉर्स हिलवरची पेटी मात्र शाबूत राहिली. सहाशे मीटर उंचीवर, ‘पीट’ नावाच्या काळ्या, ओल्या मातीच्या पोटात. या मातीत हवा शिरत नाही, म्हणून वस्तू कुजत नाहीत. पुढं माती झिजून पेटीचा दगड डोकावू लागला, तेव्हा २०११ साली पुराणवस्तुवाल्यांनी ती उघडली.

आत पंधरा ते पंचवीस वर्षांच्या कुणा तरुण जिवाच्या अस्थी, अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेल्या. काळ इसवी सनापूर्वी १७३० ते १६०० च्या दरम्यानचा. सोबत झाडाच्या सालीची टोपली, दोनशेच्या वर मणी, कानात घालायच्या लाकडी कुड्या आणि गाईच्या केसांची वेणी घालून केलेलं एक कडं, त्यावर कथलाचे बारीक खिळे.

आमच्या सोनेतारणाच्या व्हॅल्युअरपुढे हा ऐवज ठेवला असता, तर चष्म्यावरून एकवार बघून त्याने कागदावर ‘निरंक’ लिहिलं असतं. हंडा शोधणाऱ्यांनी तर टोपली, केस, कातडं चिखलात भिरकावून दिलं असतं. इतर पेट्यांतून असं काय काय भिरकावलं गेलं, त्याची नोंद कुठल्या लेजरात मिळणार?

तेराव्याच्या आधीच आईच्या बांगड्यांसाठी लॉकरपुढं हातघाईवर आलेली भावंडं मी पाहिली आहेत. इथं मात्र कुणीतरी गाईचे केस घेऊन वेणी घातली, तीवर एकेक खिळा बसवला, आणि ते कडं त्या पोरासोबत की पोरीसोबत ठेवून वर दगड सरकवला. पुढच्या साडेतीन हजार वर्षांत ते मागायला कुणी आलं नाही.