सीईटीचे ८५ पर्सेंटाइल म्हणजे ८५ टक्के नव्हे! गुणांचा हिशेब असा होतो

सीईटीचा निकाल लागला की गावात एकच प्रश्न, 'पोराला किती टक्के पडले?' पण निकालपत्रावर टक्के नसतातच, पर्सेंटाइल असतात. हा फरक न कळल्यामुळे काही पालक उगाच खूश होतात, तर काही घाबरून डोनेशनच्या मागे धावतात. म्हणून हा हिशेब समजून घेणे गरजेचे आहे.

पेपर किती गुणांचा?
इंजिनिअरिंगसाठी पीसीएम गट असतो. भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. एकूण २०० गुण. पीसीबी गटात गणिताऐवजी जीवशास्त्राचे १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. नीटमध्ये मात्र चुकीला १ गुण जातो, तिथे हा नियम लावू नका.

पर्सेंटाइल कसे काढतात?
परीक्षा कॉम्प्युटरवर, अनेक दिवस, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते. प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा. एखादा सोपा, एखादा अवघड. मग गुणांची थेट तुलना केली तर अवघड पेपरवाल्यावर अन्याय होईल. म्हणून विद्यार्थ्याची तुलना फक्त त्याच्याच शिफ्टमधल्या मुलांशी करतात.

समजा, एका शिफ्टमध्ये २० हजार मुलांनी पेपर दिला. त्यात १७ हजार मुलांना तुमच्या मुलीइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण आहेत (तीही यात मोजली जाते). १७ हजार भागिले २० हजार, गुणिले १००, म्हणजे ८५ पर्सेंटाइल. थोडक्यात, शंभरातली १५ मुलं तिच्या पुढे आहेत. तिला २०० पैकी नेमके किती गुण पडले, हे या आकड्यावरून कळत नाही. अवघड शिफ्टमध्ये कमी गुणांवरही तेवढेच पर्सेंटाइल मिळू शकतात.

सरासरी काढू नका
विषयाचे पर्सेंटाइल वेगळे आणि एकूण पर्सेंटाइल वेगळे. तीन विषयांची बेरीज करून तीनने भागले तर उत्तर जुळेलच असे नाही. कारण एकूण पर्सेंटाइल काढताना २०० पैकीच्या गुणांची पुन्हा नव्याने तुलना होते. गुणवत्ता यादीत हेच एकूण पर्सेंटाइल धरतात. ते जवळपास सारखे दिसू नयेत म्हणून दशांशानंतर सात आकड्यांपर्यंत काढतात. तरीही बरोबरी झालीच, तर इंजिनिअरिंगसाठी आधी गणित, मग भौतिक, मग रसायनशास्त्राचे पर्सेंटाइल बघतात.

बारावी सोडून चालत नाही
इंजिनिअरिंगला पात्र होण्यासाठी बारावीला ठरलेल्या विषयांत खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि राज्यातील मागास प्रवर्गाला ४० टक्के लागतात. सीईटीला ९५ पर्सेंटाइल असले तरी ही अट सुटत नाही.

कॉलेज मिळेल का, हे कसे बघायचे?
सीईटी सेलच्या वेबसाइटवर मागच्या वर्षीच्या कॅप राउंडचे कटऑफ असतात. त्यात कॉलेज, शाखा आणि आपला प्रवर्ग शोधा. समोर मेरिट नंबर आणि पर्सेंटाइल दोन्ही दिलेले असतात. आपले एकूण पर्सेंटाइल त्याच्याशी ताडून बघा. 'एवढ्या पर्सेंटाइलवर सरकारी कॉलेज मिळतच नाही' असे कोणी एजंट सांगत असेल, तर आधी ही यादी उघडा. पैसे देण्याचा विचार त्यानंतर.