नळदुर्गचा पूल : आपल्या दाराशी झालेलं युद्ध

मागच्या काही भागांत आपण दुसऱ्या महायुद्धातल्या लांबलांबच्या रणभूमी आणि विमानतळ पाहिले. तेव्हा एका मित्राने विचारलं, "आपल्याकडं काय झालंच नाही का रे?" झालंय. तेही बाइकवरून तासाभरात पोचता येईल इतक्या जवळ.

पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघायला आपण नळदुर्गला जातो. पाणी महाल, फोटो, भजी, परत. मीही कॉलेजात असताना दरवर्षी हेच केलं. ज्या बोरी नदीचं पाणी तिथे कोसळतं, त्याच नदीवरच्या पुलाने सप्टेंबर १९४८ मध्ये एका मोहिमेची पहिली सकाळ ठरवली. हे मला इंजिनिअर होऊन नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी. १९४७ मध्ये सोलापूर स्वतंत्र भारतात होतं, पण तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे आपल्या गावाच्या पूर्वेला सरहद्दच होती! निजामाला भारतात यायचं नव्हतं. रझाकार नावाची सशस्त्र संघटना गावागावांत दहशत माजवत होती, आणि तिचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. मे १९४८ मध्ये आपल्याच रेल्वेलाइनवरच्या गाणगापूर स्टेशनात रझाकारांनी गाडीवर हल्ला केला. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीवर कॅम्प टाकून लढत होते.

आता विमानतळांकडे येऊ. हैदराबाद चारही बाजूंनी भारताने वेढलेलं. मग शस्त्रं येणार कुठून? आकाशातून. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून मालवाहू विमानं भरून शस्त्रं आणत होता. रात्री भारतावरून उडत यायचं आणि बीदर किंवा वरंगळच्या धावपट्टीवर उतरायचं. म्हणूनच कारवाई सुरू झाल्यावर भारतीय हवाई दलाने या दोन विमानतळांवर बॉम्ब टाकले. त्याच बीदरला आज आपल्या हवाई दलाचे वैमानिक उडायला शिकतात.

१३ सप्टेंबर १९४८, पहाटे. मेजर जनरल जे. एन. चौधरींचं सैन्य सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघालं. आज आपण ज्या हायवेने हैदराबादला जातो, साधारण तोच रस्ता. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर नळदुर्गचा पूल हा 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' होता. तो उडाला असता तर पावसाळ्यातली नदी पुढे आणि रणगाड्यांची रांग मागे! पण सैन्य इतक्या झटक्यात पोचलं की पूल शाबूत हाती आला. नंतर शीख पलटणीने नळदुर्गच्या मोर्चावर हल्ला चढवला. नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटला आणि दुपारी सव्वातीनपर्यंत फौज उमरग्यात.

पूल किती मोलाचा होता, हे दुसऱ्या तुकडीवरून कळतं. ती तुळजापूरला गेली. तिथे हैदराबादचे सैनिक आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले. तुळजापूर पडलं, पण पुढे लोहाऱ्याकडे जाताना फुगलेल्या नदीने सैन्याला अडवलं.

दुसऱ्या दिवशी उमरग्याहून राजेश्वरच्या वाटेवर टेम्पेस्ट विमानांनी दबा धरून बसलेल्यांवर मारा केला. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. १८ला जनरल एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. रणगाडे, विमानं, सगळं वापरलं, तरी नाव 'पोलीस ॲक्शन'. कारण हैदराबादने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली होती, आणि भारताचं म्हणणं होतं की हा आमचा घरातला प्रश्न आहे.

इथे थांबलो असतो तर एपिसोड सोपा झाला असता. माझ्या आजीचं माहेर नळदुर्गजवळचं. "मिल्ट्री आली आन् आमी सुटलो," एवढंच ती सांगायची. पण शाळेतल्या एका मित्राच्या घरी हाच विषय काढला, तर त्याच्या दादीने पदर तोंडाला लावला. तिचे वडील त्या सप्टेंबरनंतर घरी आलेच नाहीत. ते रझाकार नव्हते. शेतकरी होते.

नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने अंदाज केला की कारवाईत आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, होतं. हा अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. त्यात आणखी एक नोंद आहे, जी आपल्या विणकरांच्या गावात मोठ्याने वाचायला हवी : काही ठिकाणी हिंदू विणकरांनी जिवावर उदार होऊन मुसलमान विणकरांना वाचवलं.

आजी आणि दादी, दोघी खरं बोलत होत्या. एकीचं खरं ठरवायला दुसरीला खोटं पाडावं लागत नाही. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडा फडकतो, तो फडकायलाच हवा. फक्त मी आता त्या दिवशी दादीकडेही जाऊन बसतो.

तुमच्या घरात कुणी त्या काळातलं असेल तर आजच फोनचा रेकॉर्डर चालू करा. त्यांना मधे तोडू नका. ही माणसं आता फार थोडी उरलीत, आणि त्यांचा बॅकअप कुठंच नाही.

भेटू पुढच्या भागात.