'रसविमर्शा'मागील मानसशास्त्र : एका उसनवारीचा पूर्वेतिहास

मराठी समीक्षा जेव्हा 'मानसशास्त्रीय' हे विशेषण वापरते, तेव्हा तिच्यासमोर एक सिद्ध, निर्विवाद असे शास्त्र उभे असते. डॉ. के. ना. वाटवे यांचा 'रसविमर्श' १९४२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हा समज विशेष दृढ झाला असे म्हणावयास हरकत नाही. भरताच्या रसव्यवस्थेला आधुनिक मानसशास्त्राचा, मुख्यत्वे विल्यम मॅक्डूगलच्या उपपत्तीचा, आधार मिळवून देणे हा त्या ग्रंथाचा एक प्रधान हेतू होता. या प्रयत्नावर पुढे चर्चा पुष्कळ झाली. परंतु ती बहुतांशी रससंख्येभोवती फिरत राहिली. ज्या मानसशास्त्राकडून आपण प्रमाणपत्र मागितले, ते त्या वेळी स्वतः कोणत्या अवस्थेत होते, हा प्रश्न मात्र बाजूला पडला.

मानसशास्त्राचा जन्म १८७९ साली लाइपझिग येथे, व्हुंटच्या प्रयोगशाळेत झाला असे पाठ्यपुस्तके सांगतात. ही तारीख सोयीची आहे, इतकेच. मनोव्यापारांची ज्ञान, भावना आणि इच्छा अशी त्रिविध विभागणी प्रयोगशाळेत सापडलेली नाही. ती अठराव्या शतकातील जर्मन तत्त्वज्ञानाची, टेटेन्स आणि कांट यांची देणगी आहे. मॅक्डूगलच्या १९०८ सालच्या समाजमानसशास्त्रविषयक ग्रंथात प्रत्येक सहजप्रवृत्तीला ज्ञानात्मक, भावनात्मक व प्रेरणात्मक अशी तीन अंगे आहेत, ती याच परंपरेतून आलेली. आपल्याकडील महाविद्यालयांतही हा विषय दीर्घकाळ तत्त्वज्ञानाच्याच अभ्यासक्रमात, तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र यांच्या सोबतीने शिकविला जात असे.

मराठवाड्यातील अभ्यासकाने येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. निजामी राजवटीत आधुनिक मानसशास्त्र या प्रदेशात आले ते केवळ पुण्या-मुंबईच्या वाटेने नव्हे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, आणि त्यासाठी १९१७ पासून स्वतंत्र भाषांतर विभाग काम करीत होता. त्या विभागात काही काळ काम केलेल्या अब्दुल माजिद दर्याबादी यांच्या भावनाविषयक ग्रंथाचे नाव 'फल्सफा-ए-जज्बात' असे आहे. 'फल्सफा' म्हणजे तत्त्वज्ञान. नव्या शास्त्राचे मूळ घराणे त्या उर्दू नावात उघड राहिले. आपल्या 'मानसशास्त्र' या शब्दाने ते झाकले. हिमायतनगरसारख्या गावी मराठी शिकविणाऱ्याला ही दुसरी वाट विसरता येत नाही. पण मराठी समीक्षेच्या इतिहासांत तिची दखल क्वचितच घेतली जाते.

शब्दांचा इतिहास येथे गौण नाही. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'च्या भाषांतराला 'विकारविलसित' हे नाव दिले. 'विकार' म्हटले की मूळची अविकारी अशी काही स्थिती गृहीत धरलेली असते. त्या शब्दामागे सांख्यांची प्रकृती उभी आहे. पुढे 'मनोविकार' मागे पडून 'भावना' रूढ झाली. पण न्याय-वैशेषिकांच्या परिभाषेत भावना हा संस्काराचा एक प्रकार आहे, आणि मीमांसकांच्या लेखी ती कृतीला प्रवृत्त करणारी शक्ती. हे दोन्ही अर्थ पुसून तिथे पाश्चात्त्य मानसशास्त्रातील अर्थ बसविला गेला, आणि 'भाव' व 'भावना' हे जणू एकच असल्यासारखे आपण लिहू लागलो.

आता प्रत्यक्ष जुळणी पाहू. मॅक्डूगलने १९०८ साली सांगितलेल्या सात प्रमुख भावनांपैकी भय, जुगुप्सा, विस्मय आणि क्रोध या चार भरताच्या आठ स्थायीभावांशी सरळ जुळतात. हे साम्य मोहक आहे, यात शंका नाही. पण उरलेल्या चारांचे काय? शोक ही मॅक्डूगलच्या मते मूलभूत नव्हे, संमिश्र भावना. हास या सातांत नाही. उत्साहाला समांतर काही शोधावयाचे तर आत्मप्रस्थापनेच्या प्रवृत्तीपर्यंत ओढाताण करावी लागते, आणि मग वीररसातील दानवीर, दयावीर यांची सोय लागत नाही. रतीचा विचार त्याने केला, पण या सातांबाहेर. उलट वात्सल्य तिथे सन्मानाने बसले आहे, ज्याला भरताने स्थायीचे स्थान दिले नव्हते.

त्याहून महत्त्वाचे असे की, ज्या आधारावर ही जुळणी उभी होती तोच खचत होता. १९१३ साली वॉटसनने वर्तनवादाचा जाहीरनामा मांडला. १९१९ साली नाइट डनलॅपने सहजप्रवृत्ती मुळात आहेत काय, असाच प्रश्न विचारला. खुद्द मॅक्डूगलने १९३२ सालच्या ग्रंथात मानवाच्या संदर्भात 'सहजप्रवृत्ती' ही संज्ञा सोडून 'प्रवणता' या अर्थाची संज्ञा स्वीकारली. 'रसविमर्श' त्यानंतर दहा वर्षांनी आला. वाटव्यांच्या व्यासंगाविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, आपण एका चालू वादातील एका पक्षाचे मत 'शास्त्राचा निर्णय' म्हणून घेतले.

अर्थात, भरताला मनाशी काही कर्तव्य नव्हते, असा उलट टोकाचा निष्कर्ष काढणेही चूक ठरेल. भरताच्या लेखी भाव हे भाव आहेत, कारण वाचिक, आंगिक आणि सात्त्विक अभिनयाच्या योगे ते काव्यार्थ 'भावित' करतात. म्हणजे ही मुख्यतः रंगभूमीवरील निर्मितीची संज्ञा. तिला अंतर्मुख केले ते अभिनवगुप्ताने, इसवी सनाच्या हजाराव्या वर्षाच्या आसपास. या चित्तवृत्तींच्या वासनेवाचून कोणी प्राणी नाही, असे तो मानतो. वाटव्यांना सहजप्रवृत्तीशी नाते दिसले ते येथे, आणि तेवढ्यापुरते ते निराधार नव्हते. मात्र वासना ही जन्मजन्मांतरीच्या संस्कारांची कल्पना आहे, मॅक्डूगलची प्रवृत्ती जीवशास्त्रीय आनुवंशाची. डार्विन आणि कर्मसिद्धांत यांतील हे अंतर एका समानार्थी शब्दाने ओलांडता येत नाही.

याच काळात मराठीतच उपलब्ध असलेली एक मनोमीमांसा मात्र कोणी प्रमाण म्हणून पुढे आणली नाही. जांबच्या रामदासांनी 'दासबोधा'च्या सतराव्या दशकात अंतःकरणपंचक मांडले आहे. निर्विकल्प असे पहिले स्फुरण ते अंतःकरण. होय-नव्हे असे हेलकावे ते मन. निश्चय ती बुद्धी. निश्चिताचे चिंतन ते चित्त. आणि हे मीच करणार असा कार्याचा अभिमान तो अहंकार. हे पाच कप्पे नव्हेत, एकाच व्यापाराच्या पाच पायऱ्या आहेत. 'हॅम्लेट'चे मन दुसऱ्या पायरीवर कसे अडते, हे आगरकरांच्या वाचकाला या परिभाषेत विनासायास सांगता आले असते. पण ती 'परमार्थ' या खात्यात नोंदली गेली होती, आणि मॅक्डूगल 'शास्त्र' या खात्यात. ही खातेवाटणी कोणी आणि केव्हा केली, याचा शोध 'रसविमर्शा'पासून मागे आगरकरांच्या पिढीपर्यंत घ्यावा लागेल.