श्राव्यातीत प्रतिमादर्शन (सोनोग्राफी) : तत्त्व, उपयोग व मावळातील व्यवहार

मनुष्याच्या कानास ऐकू येणाऱ्या ध्वनीची वरची मर्यादा सेकंदास सु. 20,000 कंपने ही असून तिच्या पलीकडील ध्वनीचे सूक्ष्म स्पंद शरीरात सोडून, अंतरिंद्रियांच्या सीमांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींपासून पडद्यावर चित्र उभे करण्याच्या वैद्यकीय पद्धतीस ही संज्ञा आहे. लोकव्यवहारात तिला ‘सोनोग्राफी’ म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे येथे 1995 मध्ये स्थापन झालेले मायमर वैद्यकीय महाविद्यालय व त्यास संलग्न असलेले डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय यांमुळे, एका बाजूस मावळातील खेडी व दुसऱ्या बाजूस चाकणची औद्योगिक वसाहत अशा दुहेरी प्रदेशाच्या मध्यभागी या विद्येच्या अध्यापनाचीही सोय झाली आहे.

तत्त्व : काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् भार उत्पन्न होतो, हा दाबविद्युत् परिणाम प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी 1880 मध्ये दाखविला, त्याच्याच उलट क्रियेने, विद्युत् दाब बदलला असता स्फटिक कंप पावतो. डॉक्टरांच्या हातातील ‘प्रोब’ ह्या दोन्ही क्रिया आळीपाळीने करतो, म्हणजे क्षणभर बोलतो व उरलेला वेळ ऐकतो. मृदू ऊतकांत ध्वनीचा वेग सेकंदास सरासरी 1,540 मीटर धरला जात असल्याने एक सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत येण्यास सु. 13 मायक्रोसेकंद लागतात, व या कालगणनेवरच चित्रातील प्रत्येक बिंदूचे स्थान ठरते. उदरासाठी साधारणतः 2 ते 5 मेगाहर्ट्‌झ व गलग्रंथी, स्तन, रक्तवाहिन्या अशा उथळ भागांसाठी 7 ते 15 मेगाहर्ट्‌झ कंप्रता वापरतात. कंप्रता वाढविली की रेखीवपणा वाढतो, परंतु ध्वनी लवकर क्षीण होऊन खोली गमवावी लागते. हवेच्या सीमेवरून जवळजवळ सर्व ध्वनी परावर्तित होतो. म्हणूनच त्वचेवर थंड जेल लावून प्रोब व त्वचा यांमधील हवा घालवावी लागते आणि वायूने फुगलेल्या आतड्यामागचे काही दिसत नाही. द्रवातून प्रतिध्वनी येत नसल्याने तो काळा दिसतो. पित्ताशयातील खडा शुभ्र दिसून त्यामागे काळी छाया पडते. काळ्याचा अर्थ लावणे हीच या विद्येची बाराखडी होय, आणि छाया व द्रव यांत गल्लत करणारा नवशिका कितीही महागडे यंत्र हाती दिले तरी चुकतोच.

इतिहास : ऑस्ट्रियातील कार्ल डूसिक यांनी 1942 मध्ये मेंदूच्या निदानाकरिता, व स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हर्ट्‌झ यांनी 1953 मध्ये हृदयाकरिता या ध्वनीचा वापर केला. ग्लासगो येथील इयन डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांचा उदरातील गाठींविषयीचा निबंध 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि प्रसूतिशास्त्रात या पद्धतीस तेथून प्रतिष्ठा मिळाली. जहाजबांधणीच्या त्या शहरात धातूतील तडे शोधण्याचे यंत्र रुग्णशय्येपाशी आले, ही गोष्ट कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या वाचकास विशेष जवळची वाटावी.

आघातातील उपयोग : सर्वसाधारण समजुतीत सोनोग्राफी म्हणजे गरोदरपण; तथापि जुना मुंबई–पुणे रस्ता, 2002 पासून पूर्णपणे खुला झालेला द्रुतगती मार्ग आणि चाकणकडे जाणारी अवजड कंटेनरांची वाट ज्या गावापाशी एकत्र येतात, त्या तळेगावी जखमीच्या पोटावर ठेवलेल्या प्रोबचे महत्त्व त्याहून तिळमात्रही कमी मानता येत नाही. ‘फास्ट’ नावाने परिचित असलेल्या तपासणीत यकृत व उजवे मूत्रपिंड यांमधील खोबण, प्लीहेचा परिसर, कटिर आणि हृदयावरण अशी चार स्थाने काही मिनिटांत पाहिली जातात. जेथे काळी फट दिसू नये तेथे ती दिसली, आणि रुग्णाचा रक्तदाब खालावत असला, तर रक्तस्राव गृहीत धरून त्यास शस्त्रक्रियागृहात नेण्याचा निर्णय तेथल्या तेथे घेता येतो. फुप्फुसावरणाचे दोन पदर श्वासाबरोबर एकमेकांवरून सरकताना दिसणे थांबले, तर छातीत हवा शिरल्याचा संशय येतो. मात्र आतड्यास पडलेले छिद्र किंवा उदरामागील रक्तस्राव यात निसटू शकतो, आणि रक्त थोडे असल्यास पहिली तपासणी निर्दोष येऊनही तासाभराने चित्र पालटते. म्हणून ती पुन्हा करावी, असा दंडक आहे.

प्रसूतिशास्त्र : गर्भ गर्भाशयातच आहे की नलिकेत, एक आहे की जुळे, याचा निर्णय प्रारंभीच होतो, 11 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान मानेमागील द्रवाची जाडी मोजतात, व 18 ते 20 आठवड्यांत गर्भाच्या अवयवरचनेची सविस्तर पाहणी करतात. वारेचे स्थान आधीच कळल्याने खेड्यातील बाईस वेळेवर मोठ्या रुग्णालयात हलविता येते. हा या यंत्राचा मोठा उपकार आहे.

कायदा व दफ्तर : याच यंत्राने गर्भाचे लिंग ओळखून मुलींचा घात केला गेला, हे येथे स्पष्टपणे नमूद करणे प्राप्त आहे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या 1991 मध्ये 946 होती. ती 2001 मध्ये 913 व 2011 मध्ये 894 इतकी उतरली, आणि बीड जिल्ह्यात 2011 मध्ये ती 807 वर आली. प्रसवपूर्व निदानतंत्राच्या वापरास आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा कायदा 1994 चा असून त्याची अंमलबजावणी 1 जानेवारी 1996 पासून सुरू झाली. ‘सेहत’ ही संस्था, पुण्याची ‘मासूम’ व कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये दिलेल्या हुकमांनंतर, 2003 च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत आली. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी पाच वर्षांच्या मुदतीची असते, दाखला दर्शनी भागी लावावा लागतो, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा ‘एफ’ नमुना भरून मागील महिन्याचा अहवाल पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो, आणि दस्तऐवज किमान दोन वर्षे जपून ठेवावे लागतात. नमुन्यातील त्रुटी हीच कायद्याची पायमल्ली मानण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये कायम केली. कारकुनी चूक व अपराध यांत फरक करावा, असे डॉक्टरांच्या संघटनांचे म्हणणे आहे, तर कागद सैल सुटला की गुन्ह्याचा मागमूस उरत नाही, असे कायद्याचे समर्थक सांगतात. कोल्हापूर जिल्ह्यात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना यंत्रांस ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (तपासणीची चित्रे नोंदवून ठेवणारे उपकरण) जोडण्याचा प्रयोग झाला. त्याच्या परिणामांविषयी मतभेद आहेत.

याच कायद्याखालील 2012 च्या नियमांनी सुवाह्य यंत्र नोंदलेल्या इमारतीच्या हद्दीतील दाखल रुग्णांपुरते किंवा विविध सेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकापुरते मर्यादित केले. त्यामुळे खिशात मावेल इतके लहान यंत्र आज उपलब्ध असूनही अपघातस्थळी कोणीही ते सहज न्यावे अशी मोकळीक नाही. मुलींच्या रक्षणासाठी घातलेले हे कुंपण कोणत्याही कारणास्तव खिळखिळे होता कामा नये. परंतु रस्त्यावरील जखमीसाठी त्यास बंदोबस्ताचे एक निराळे दार ठेवता येईल काय, याचा विचार आरोग्य खात्याने करावयास हवा.

हृदय व रक्तवाहिन्या : हलत्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनीची कंप्रता बदलते, या डॉप्लर परिणामावरून रक्तप्रवाहाची दिशा व वेग कळतो, प्रोब प्रवाहास काटकोनात धरल्यास मात्र प्रवाह जवळजवळ दिसतच नाही.

सुरक्षितता : क्ष-किरणांप्रमाणे यात आयनीकारक प्रारण नाही, तरीही ध्वनीमुळे ऊतके किंचित तापतात, म्हणून आवश्यक तेवढीच शक्ती व तेवढाच वेळ वापरण्याचा संकेत आहे.

पशुवैद्यक : गाई-म्हशींच्या गर्भनिदानासाठी गुदमार्गे घालावयाचा प्रोब वापरतात.